सत्तावीस यार्ड कमी पडले: बॅरी सँडर्स, स्टिलवॉटर आणि १९८८ चा तो हंगाम

पाटी_ते_खांब | १ जानेवारी २०२५, सकाळी ९:४०

काल रात्री फिएस्टा बोल हा अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना संपल्यावर टीव्ही बंद केला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. पेन स्टेटने बॉयसी स्टेटला ३१–१४ असं हरवलं, पण माझं लक्ष गुणफलकावर नव्हतंच. एका हंगामात चेंडू घेऊन सर्वाधिक यार्ड पळण्याचा बॅरी सँडर्सचा १९८८ चा विक्रम मोडायला बॉयसीच्या ॲश्टन जेंटीला १३२ यार्ड हवे होते. पेन स्टेटने त्याला १०४ वर रोखलं. त्याच्या हंगामाची बेरीज झाली २,६०१. बॅरीचे २,६२८ अजून जागच्या जागी आहेत. छत्तीस वर्षं झाली.

शेवटच्या काही मिनिटांत जेंटीचा चेहरा पाहिला आणि पोटात कालवलं. इतकं गुणी पोर आहे ते. विक्रम राहिला याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. दोन्ही एकदमच वाटलं आणि झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

मी ऑगस्ट १९८७ मध्ये सांगलीहून एमएस करायला ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत आलो. स्टिलवॉटर हे गाव ओक्लाहोमा सिटीपासून तासाभरावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट गवताळ रान, आणि जिथे जमीन उकरलेली तिथे कोकणात असते तशी लाल माती. अमेरिका म्हणून मनात जे चित्र होतं त्यात यातलं काहीच नव्हतं. पहिल्या महिन्यात मी फार एकटा पडलो होतो. माझा रूममेट नागपूरचा, माझ्याआधी एक वर्ष आलेला. तो एका शनिवारी म्हणाला, "चल, आज अभ्यास राहू दे," आणि मला लुईस फील्डवर घेऊन गेला. सगळं गाव केशरी झालं होतं. म्हाताऱ्या बायकांपासून कडेवरच्या बाळांपर्यंत सगळे केशरी.

तेव्हाचा हिरो होता ३४ नंबरचा थर्मन थॉमस. बॅरी त्याच्या मागे, बाकावर. रनिंग बॅक म्हणून त्याला संधी फारशी मिळत नसे, म्हणून तो किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना समोरच्या संघाने लाथेने मारलेला चेंडू, परत आणायला उभा राहायचा. २१ नंबर. उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीत खपून जाईल असा. त्या वर्षी किकऑफ परत आणण्याच्या सरासरीत अख्ख्या देशात तो पहिला आला. बाकावरचा मुलगा देशात पहिला!

मला फुटबॉलचे नियम कळत नव्हते. पण मी शाळेपासून खो-खो खेळलेला. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही. पळणारा याच एका नियमावर जगतो. अंग एका बाजूला टाकायचं, त्याला तिकडे पाऊल टाकायला लावायचं, आणि आपण दुसरीकडून निघून जायचं. अमेरिकन फुटबॉलमध्ये असला काही नियम नाही. तरी बॅरी समोर आला की समोरच्या माणसाला तो लागू व्हायचा. त्याचं पाऊल एकदा पडलं की संपलं. बॅरी मध्येच पूर्ण थांबायचा, अगदी उभाच राहायचा, आणि पुढच्या क्षणी पहिल्याइतक्याच वेगाने तिसऱ्या दिशेला निघालेला असायचा. थांबण्यासाठी आणि सुटण्यासाठी बाकीच्यांना जी दोन-तीन पावलं लागतात ती त्याला लागतच नव्हती. ती हूल पाहिली आणि त्या परक्या गावात पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसलं.

१९८८ मध्ये थर्मन थॉमस व्यावसायिक फुटबॉलमध्ये बफेलोला गेला आणि बॅरीची पाळी आली. सप्टेंबरमधला पहिला सामना, मायामी ऑफ ओहायोशी. पहिलाच किकऑफ. बॅरीने चेंडू घेतला आणि १०० यार्ड पळत गेला. हंगामातल्या पहिल्याच खेळीला टचडाउन! आम्ही दोघं किंचाळत होतो. आणि तो? एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला, वळला, आणि चेंडू पंचाच्या हातात दिला. नाचला नाही, चेंडू आपटला नाही, प्रेक्षकांकडे बघितलंसुद्धा नाही. कुणाकडून घटकाभर मागून आणलेली वस्तू परत करावी तसा दिला.

माझ्या रूममेटने त्या दिवसापासून एका वहीत प्रत्येक सामन्याचे यार्ड लिहायला सुरुवात केली. मराठी आकड्यांत.

तो मित्र गेल्या जुलैमध्ये वारला. काल जेंटी १०४ वर थांबला तेव्हा माझा हात फोनकडे गेला होता.

बॅरीला त्या वर्षी ज्यांनी पाहिलंय किंवा ऐकलंय असं इथे कुणी आहे का? लिहा.

नवा_गडी | १ जानेवारी २०२५, सकाळी १०:१५

काका, फार आतून लिहिलंय तुम्ही. मी दोन वर्षांपूर्वी इकडे आलो, फुटबॉल अजून नीट कळत नाही. रनिंग बॅक नक्की काय करतो? आणि २,६२८ म्हणजे किती मोठी गोष्ट? क्रिकेटच्या भाषेत सांगितलंत तर बरं.

आकडेशास्त्री | १ जानेवारी २०२५, सकाळी ११:०५

@नवा_गडी, क्रिकेटपेक्षा कबड्डी जवळची आहे. संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. क्वार्टरबॅक एकतर चेंडू फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातात देतो. मग त्याने समोरच्या अकरा जणांतून वाट काढायची. चढाई करणाऱ्याला सातजणांची साखळी असते, इथे अकरा, आणि प्रत्येक जण मुद्दाम अंगावर पडायला येतो. लाइनमधले पाच धिप्पाड खेळाडू त्याच्यासाठी फट पाडतात, पण ती फट क्षणभरच उघडी राहते.

चांगला रनिंग बॅक एका पळीला साधारण पाच यार्ड काढतो. बॅरीने १९८८ मध्ये ३४४ वेळा चेंडू घेतला आणि दर वेळेला सरासरी ७.६ यार्ड काढले. आणि हे सगळं ११ सामन्यांत! म्हणजे दर सामन्याला जवळजवळ २३९ यार्ड. एखाद्याने एका सामन्यात २०० काढले तर आजही दुसऱ्या दिवशी बातमी होते. हा त्यापेक्षा वर सरासरी घेऊन अख्खा हंगाम पळत होता. जेंटीला २,६०१ साठी १४ सामने मिळाले, सरासरी सुमारे १८६. तीही अफाटच आहे, त्याचं श्रेय कमी करायचं नाही मला.

पळून ३७ टचडाउन, शिवाय एक किकऑफवर आणि एक पंट (समोरच्या संघाने लाथेने दूर मारलेला चेंडू) परत आणून, असे एकूण ३९. चार सामन्यांत ३०० च्या वर.

आणि याहून महत्त्वाचं: त्या काळी हंगामानंतरचे बोल सामने अधिकृत आकडेवारीत धरत नसत. ते २००२ पासून धरायला लागले. बॅरीने हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध २२२ यार्ड आणि पाच टचडाउन केले, ओक्लाहोमा स्टेट ६२–१४ ने जिंकली. ते धरले तर बेरीज २,८५० होते. जेंटीचे १०४ मात्र त्याच्या बेरजेत आहेत, कारण नियम बदलला. त्यामुळे काल सत्तावीस यार्ड कमी पडले असं आपण म्हणतो, पण एकाच मापाने मोजलं तर अंतर दोनशे एकोणपन्नासचं आहे.

अथेन्सकर | १ जानेवारी २०२५, दुपारी १२:३०

लेख सुंदरच आहे, पण माझा आक्षेप नोंदवून ठेवतो. मी चाळीस वर्षं जॉर्जियात आहे आणि आमच्याकडे सर्वांत मोठा रनिंग बॅक कोण हा प्रश्न विचारतच नाहीत. हर्शेल वॉकर.

राइट्सव्हिलसारख्या लहानशा गावातून आलेला मुलगा. १९८० मध्ये पहिल्या वर्षाला असताना त्याने १,६१६ यार्ड काढले आणि जॉर्जियाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. शुगर बोलमध्ये नोत्र दामविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा खांदा निखळला. तो बसवून घेऊन परत मैदानात आला आणि १५० यार्ड पळाला. तीन हंगामांत ५,२५९ यार्ड, १९८२ ला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार. बॅरीचा एक हंगाम डोळे दिपवणारा होता हे मान्य, पण हर्शेलने तीन वर्षं अख्खं राज्य खांद्यावर घेतलं, त्यातही एक खांदा दुखावलेला.

नंतर राजकारणात वगैरे जे झालं ते बाजूला ठेवा, मी फक्त मैदानावरचं बोलतोय.

पाटी_ते_खांब | १ जानेवारी २०२५, दुपारी १:१०

@अथेन्सकर, हर्शेलबद्दल एक शब्द वेडावाकडा काढणार नाही. तीन वर्षांची कारकीर्द विचाराल तर हर्शेल, मी लिहून देतो. पण हर्शेल समोरच्याच्या अंगावरून जायचा. टेनेसीविरुद्धच्या त्या पहिल्या सामन्यातलं दृश्य सगळ्यांना पाठ आहे. बॅरी समोरच्याला हातच लावू द्यायचा नाही. एक कुस्ती, एक खो-खो. मी सांगलीचा असूनही या बाबतीत खो-खोच्या बाजूचा.

मला एका गोष्टीचं आजही नवल वाटतं. बॅरी विचिटाचा, कॅन्ससमधला. अकरा भावंडांतला सातवा, वडील छपरं घालायचे आणि सुतारकाम करायचे. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षीचा चौथा सामना येईपर्यंत त्याला मुख्य रनिंग बॅक म्हणून उतरवलंच नव्हतं! मग उरलेल्या सात सामन्यांत त्याने १,४१७ यार्ड काढले. पण तोवर मोठ्या विद्यापीठांच्या निवडी होऊन गेल्या होत्या, आणि उंची बघून बऱ्याच जणांनी नाक मुरडलं. म्हणून तो आमच्या स्टिलवॉटरला आला. इथेही दोन वर्षं बाकावर. म्हणजे हा माणूस आयुष्यभर रांगेत उभा होता आणि एकदाही रांग मोडली नाही.

शारदा_टल्सा | १ जानेवारी २०२५, दुपारी ३:२०

मी सहसा इथे वाचून जाते, लिहीत नाही. आज लिहिते.

१९८८ मध्ये मी स्टिलवॉटरलाच होते. ह्यांची पीएचडी चालू होती, आम्ही विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांत राहायचो, मुलगी आठ महिन्यांची. स्टेडियममध्ये मी एकदाही गेले नाही. तिकिटाचे पैसे दुधाला लागायचे. पण शनिवारी दुपारी खिडकी उघडी ठेवली की स्टेडियमचा आवाज यायचा, आणि त्या आवाजावरून मला सगळं कळायचं.

इतर खेळाडू पळताना आवाज हळूहळू चढत जातो. बॅरीच्या वेळी तसं नव्हतं. आधी थोडा आवाज, मग एकदम कमी, म्हणजे लोकांना वाटलं तो सापडला. मग परत वर. परत कमी. मग असा काही स्फोट व्हायचा की मुलगी झोपेतून उठायची. आधी मला हे कळायचं नाही. मग ह्यांनी एकदा समजावलं की तो थांबतो, वळतो, म्हणून लोकांचा श्वास अडकतो. तेव्हापासून मी भाजी चिरता चिरता तो आवाज ऐकायचे आणि मनात तो मुलगा कुठे पळतोय ते बघायचे. एकदा प्रत्यक्ष न बघता मला त्याची हूल पाठ झाली होती.

नोव्हेंबरमधला ओक्लाहोमा विद्यापीठाशी झालेला सामना आठवतो. बेडलम म्हणतात त्याला, सख्ख्या शेजाऱ्यांची लढत. त्या दिवशी बॅरी २१५ यार्ड पळाला, तरी आपण ३१–२८ ने हरलो. शेवटच्या क्षणांत एंड झोनमध्ये फेकलेला चेंडू आमच्या मुलाच्या हातातून सुटला. मी खिडकीत होते. आवाज चढत चढत गेला आणि मग एकदम काहीच नाही. इतक्या माणसांची ती शांतता मी नंतर कधी ऐकली नाही. त्या मुलाचं नाव मला माहीत आहे, पण मी ते कधी घेत नाही. वीस-एकवीस वर्षांचा असेल. किती दिवस जेवला नसेल तो.

तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. नागपूरचे म्हणजे ते उंच, चष्म्याचे, गणेशोत्सवात पेटी वाजवायचे तेच का?

पाटी_ते_खांब | १ जानेवारी २०२५, दुपारी ३:५५

शारदाताई, तेच. पेटी वाजवणारे तेच.

तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी आत बसून जे पाहिलं त्यापेक्षा तुम्ही खिडकीतून जास्त पाहिलंत असं वाटतंय. श्वास अडकल्याचा तो आवाज, अगदी तसाच होता. मला आत बसून तो ऐकू येत नव्हता, कारण माझाही श्वास त्यातच अडकलेला असायचा.

केशरी_२१ | १ जानेवारी २०२५, सायंकाळी ५:४०

नमस्कार, मी सध्या स्टिलवॉटरला एमएस करतोय, दुसरं सेमिस्टर संपलं. हा धागा माझ्या मामाने पाठवला.

आता लुईस फील्डचं बून पिकन्स स्टेडियम झालंय. बॅरींचा पुतळा २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बसवला. काही आठवड्यांपूर्वी भारतातून आई-बाबा आले होते, त्यांना दाखवायला घेऊन गेलो. बाबांनी विचारलं, हा कोण? मला फक्त "मोठा खेळाडू होता" एवढंच सांगता आलं. आज कळलं काय सांगायला हवं होतं.

एक विचारायचंय. आमच्या वर्गातली अमेरिकन मुलं म्हणतात की आजच्या काळात बॅरी सँडर्स इथे राहिलाच नसता. आता ट्रान्स्फर पोर्टल आहे, खेळाडू पाहिजे तेव्हा विद्यापीठ बदलतात, आणि २०२१ पासून नावावर पैसेही कमावता येतात. पहिल्या वर्षी बाकावर बसवलं तर दुसऱ्या वर्षी तो दुसरीकडे गेला असता. तुम्हाला काय वाटतं?

आकडेशास्त्री | १ जानेवारी २०२५, सायंकाळी ६:१०

गेला असता, आणि त्यात त्याची काही चूक नसती. अकरा भावंडांच्या घरातल्या मुलाला त्याच्या मेहनतीचे पैसे मिळायलाच हवे होते. तेव्हा स्टेडियम भरलं ते त्याच्यामुळे आणि त्याला मिळाली शिष्यवृत्ती. जुन्या दिवसांच्या आठवणीत रमताना हे विसरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जेंटीचं बघा. त्यालाही दुसरीकडे जाता आलं असतं, तरी तो बॉयसीतच राहिला.

पाटी_ते_खांब | १ जानेवारी २०२५, सायंकाळी ६:४५

पैशाचं पटलं. मिळायलाच हवे होते.

पण तो गेला असता का, याबद्दल माझी खात्री नाही. थर्मन थॉमसच्या मागे दोन वर्षं उभं राहणं ही त्याला शिक्षा वाटली नसावी. आम्हाला दोघं एकाच संघात बघायला मिळाले. पुढे दोघंही व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि तेव्हा आम्ही पासावर आत जाऊन त्यांना बघत होतो! क्वार्टरबॅक होता माइक गंडी, जो पुढे २००५ मध्ये त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. बॅरीसाठी फट पाडणाऱ्या लाइनमधल्या पोरांना 'वॉर पिग्ज' म्हणायचे. बॅरीबद्दल लिहिताना त्यांचा उल्लेख राहिला तर बॅरीलाच आवडणार नाही. तो नेहमी त्यांच्याकडे बोट दाखवायचा.

मॅडिसनवासी | १ जानेवारी २०२५, रात्री ८:०५

विस्कॉन्सिनकडून थोडंसं. जेंटीचं काल जे झालं ते आम्ही २०१४ मध्ये भोगलंय. मेल्विन गॉर्डन २,५८७ वर थांबला. एक्केचाळीस यार्ड कमी. त्यानेच त्या वर्षी नेब्रास्काविरुद्ध तीन क्वार्टरमध्ये ४०८ यार्ड काढले होते आणि चौथ्या क्वार्टरला त्याला बसवलं, कारण सामना संपल्यात जमा होता. अजून पाच मिनिटं खेळू दिला असता तर, हा विचार इतकी वर्षं मनात आहे. त्यालाही १४ सामने मिळाले होते हे मला माहीत आहे, आकडेशास्त्रींनी सांगायच्या आधी मीच सांगतो.

नंतर मी बॅरीच्या जुन्या चित्रफिती शोधून पाहिल्या. मनात थोडा रागच होता. पंधरा मिनिटांत राग गेला.

डेट्रॉइटचा_जावई | १ जानेवारी २०२५, रात्री ९:२०

कॉलेजचा बॅरी मी पाहिला नाही, पण पुढची दहा वर्षं तो आमचा होता, म्हणून लिहितो. १९८९ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या खेळाडू-निवडीत डेट्रॉइट लायन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात तो यार्डांच्या विजेतेपदापासून दहा यार्डांवर होता. सामना जिंकलेला होता. प्रशिक्षकांनी विचारलं, जातोस का परत? तो नको म्हणाला. विजेतेपद कॅन्सस सिटीच्या ओकोयेला गेलं.

आणि मग १९९९ चा जुलै. व्यावसायिक फुटबॉलमधला वॉल्टर पेटनचा सर्वकालीन यार्डांचा विक्रम १,४५७ यार्डांवर होता, बॅरीला फार तर एक हंगाम लागला असता. त्याने विचिटाच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवला की मी थांबतोय. संपलं. आम्ही कित्येक महिने दुखावलेले होतो. माझे सासरे तर त्याचं नाव काढू देत नसत. आज या धाग्यावर तुम्ही लिहिलेलं वाचताना, पहिल्याच सामन्यात चेंडू पंचाला परत देणारा मुलगा, तेव्हा मला तो फॅक्स पहिल्यांदा कळला. सासऱ्यांना उद्या वाचून दाखवणार आहे.

पुणेरी_आजोबा | २ जानेवारी २०२५, सकाळी ६:५०

मला हा खेळ कळत नाही, पण साल वाचून थांबलो. १९८८! फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन-कांबळीने ६६४ धावांची भागी केली, आणि डिसेंबरमध्ये सचिनने रणजीच्या पदार्पणातच शतक ठोकलं. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन बुटकी पोरं मोठ्यांना पळवत होती म्हणायची.

पाटी_ते_खांब | २ जानेवारी २०२५, रात्री ८:३०

आजोबा, हे तुम्ही कसं ओळखलंत कळत नाही, पण हे दोन्ही माझ्या आयुष्यात एकाच महिन्यात एकत्र आले होते. सांगतो.

त्या हंगामाचा शेवटचा सामना टेक्सस टेकशी होता आणि तो खेळला गेला टोकियोत, नव्या बांधलेल्या टोकियो डोममध्ये. हाइझमन पुरस्कार न्यूयॉर्कमध्ये जाहीर व्हायचा आणि आमचा बॅरी जपानमध्ये. शर्यतीत दक्षिण कॅलिफोर्नियाचा रॉडनी पीट आणि यूसीएलएचा ट्रॉय एकमन, दोघं क्वार्टरबॅक, दोघं मोठ्या शहरांतले. नाव बॅरीचं निघालं. टोकियोतल्या स्टुडिओतून उपग्रहाद्वारे त्याने पुरस्कार स्वीकारला. चेहऱ्यावर हसूसुद्धा धड नव्हतं, संकोचून गेला होता. आणि काही तासांत मैदानात उतरून त्याने ३३२ यार्ड काढले, चार टचडाउन. ४५–४२ ने जिंकलो. मार्कस ॲलनचा १९८१ चा २,३४२ चा विक्रम मोडायला त्याला ४७ यार्ड हवे होते, ते केव्हाच होऊन गेले.

ती रात्र आम्ही सहा जणांनी एका खोलीत रेडिओभोवती काढली. स्टोव्हवर खिचडी होती, ती लागली, कुणाचं लक्ष नव्हतं. रूममेटच्या मांडीवर वही. प्रत्येक पळीला तो बेरीज करत होता आणि मध्येच पेन्सिल मोडली तेव्हा चाकूने टोक काढत होता.

त्या महिन्याच्या शेवटी माझ्या धाकट्या भावाचा एरोग्राम आला. त्यात कोपऱ्यात, जागा संपत आलेली, बारीक अक्षरात: "मुंबईकडून एक पंधरा वर्षांचा पोरगा खेळला, शंभर केले, नाव लक्षात ठेव." मी उलट टपाली बॅरीबद्दल लिहिलं, तूही नाव लक्षात ठेव म्हणून. ते पत्र भावाने जपून ठेवलंय.

पुढच्याच जानेवारीत आमच्या संघावर नियमभंगाबद्दल बंदीची कारवाई झाली. बॅरीला शेवटचं वर्ष न खेळता व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायची वाट मोकळी झाली. म्हणजे मुख्य रनिंग बॅक म्हणून आम्हाला तो एकच हंगाम मिळाला.

आज दुपारी रूममेटच्या मुलीने वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. मी तिच्याकडे मागितला नव्हता. तिने हा धागा वाचला. जसं आहे तसं उतरवून देतोय:

मायामी (ओहायोवाले) १७८
टेक्सस ए अँड एम १५७
टल्सा ३०४ !!
कोलोरॅडो १७४
नेब्रास्का १८९ (हरलो ६३–४२, पण १८९)
मिझुरी १५४
कॅन्सस स्टेट ३२०
ओक्लाहोमा २१५ (याबद्दल बोलायचं नाही)
कॅन्सस ३१२
आयोवा स्टेट २९३
टेक्सस टेक, टोकियो ३३२

खाली दुहेरी रेघ, २६२८. रेघेच्या खाली, दुसऱ्या पेनने: वायोमिंग २२२. बाजूला: "हे का धरत नाहीत? विचारायला हवं."

आकडेशास्त्री | २ जानेवारी २०२५, रात्री ८:५०

अकराच्या अकरा आकडे बरोबर आहेत. बेरीजही.

टोकियोच्या ओळीत तारीख कोणती लिहिली आहे? इथल्या नोंदींत ३ डिसेंबरही दिसते आणि ४ ही.

पाटी_ते_खांब | २ जानेवारी २०२५, रात्री ९:०५

दोन्ही. आधी ३ लिहिलंय, ते खोडून ४, आणि ४ खाली लहान अक्षरात "तिकडचे".

शारदा_टल्सा | २ जानेवारी २०२५, रात्री ९:३०

त्यांच्या मुलीला माझा नमस्कार कळवा. मिझुरीच्या दिवशी खिडकी बंद होती, मुलीला ताप होता. १५४ केले होते हे मला आज कळलं.